घरची जुनी फटफटी



दौलताबादेस राहणाऱ्या माणसाकडून भाषणाची अपेक्षा करावयाची तर ती देवगिरीच्या किल्ल्याविषयीं, आणि फार झालें तर येथील सीताफळांविषयीं. मी मात्र आज आपल्याशीं बोलणार आहें तें माझ्या ओसरीवर उभ्या असलेल्या एका जुन्या फटफटीविषयीं. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु याच फटफटीनें एकदां घाटांत माझा जीव टांगणीस लावला होता, आणि दोष तिचा नव्हता, सर्वस्वीं माझा होता. तेव्हां जुनें यंत्र घरीं सांभाळण्याचा व त्यांत फेरफार करण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांना ही हकीकत सांगण्याचा मला थोडा अधिकार पोंचतो असें मी समजतों.

ही गाडी म्हणजे यामाहा आर. एक्स्. १००. एस्कॉर्ट्स कंपनीनें जपानच्या यामाहाच्या सहकार्यानें ती १९८५ सालीं आपल्या देशांत आणली, आणि १९९६ सालीं तिचें उत्पादन थांबलें. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धांवही तितकीच. म्हणजे क्षमता अवघी ९८ घनसेंटिमीटर. एवढ्याशा पोटांतून ती ११ अश्वशक्ति काढते, आणि वजन पाहावें तर सुमारें १०० किलो. त्याच सुमारास जपानी वंशाच्या इतरही गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या. आमच्या शहराजवळ वाळूजला बजाजचा कारखाना उघडला तोही १९८५ सालींच. परंतु मूठ पिळतांच जी झेप ही गाडी घेई, तिला तोड नव्हती. त्या झेपेची आठवण असणारे लोक आज साठीकडे झुकले आहेत, आणि ती ऐकून वाढलेलीं त्यांचीं मुलें या गाड्यांना नव्या गाडीहून अधिक पैसे मोजीत आहेत.

तिचें इंजिन टू-स्ट्रोक आहे. फोर-स्ट्रोक इंजिनांत तेलाचा सांठा तळाशीं असतो व तेंच तेल पुन्हां पुन्हां फिरतें. टू-स्ट्रोकमध्यें तळाची पेटी ही नव्या इंधनाच्या येण्याची वाट असते. तेथें तेल साठविण्याची सोय नाहीं. म्हणून तेलाला इंधनाबरोबरच आंत जावें लागतें. वंगणाचें काम उरकून तें जळून जातें आणि मागें निळसर धूर सोडतें. जपानी कारागिरांनीं यासाठीं एक चिमुकला पंप योजिला आहे. इंजिन जितक्या वेगानें फिरेल आणि मूठ जितकी पिळली जाईल, त्या मानानें तो तेल पुढें ढकलतो. हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

गाडी घरीं आली आणि जुनी वस्तु हातीं लागतांच ती सुधारण्याची जी खाज माणसाला सुटते, ती मलाही सुटली. प्रथम सायलेन्सरच्या शेपटींतील आंतली नळी काढून फेकली. गाडीचा आवाज असा कांहीं कडाडूं लागला कीं, तिची शक्ति दुप्पट झाली असा मला भास झाला. मग हवेच्या पेटीला रजा देऊन कार्बोरेटरच्या तोंडावर बाजारांतला उघडा फिल्टर चढविला. शेवटीं तेलाचा पंपही काढला. पंप म्हातारा झाला, तो केव्हां दगा देईल सांगतां येत नाहीं, त्यापेक्षां पेट्रोलांतच लिटरला २५ मिलिलिटर तेल मिसळावें, असा उपदेश मला अनेकांनीं केला होता. उपदेश अगदींच खोटा नव्हे. पुष्कळ लोक तसें करतात. पण ते कोणत्या रस्त्यावरून गाडी चालवितात, हें मीं विचारलें नाहीं.

थंडीचे दिवस होते. सकाळीं खुलताबादेस कांहीं काम होतें. घाट चढतांना मूठ सारा वेळ पूर्ण पिळलेली. गाडी नव्या आवाजाच्या धुंदींत वर गेली. काम पांच मिनिटांचें. लगेच परत फिरलों. उतरतांना मूठ मिटलेली, गाडी चौथ्या गिअरमध्यें, वेग साठाच्या वर. कोटाच्या ज्या दरवाजांतून जुना रस्ता जातो, तो दरवाजा खालीं दिसूं लागला होता आणि त्यांतून एस्. टी. ची गाडी बाहेर पडत होती. इतक्यांत एक किंकाळीसारखा आवाज झाला आणि मागचें चाक जागच्या जागीं थांबलें. गाडी आडवी होऊं लागली. डाव्या हाताचीं दोन बोटें क्लचवर ठेवण्याची संवय मला पूर्वींपासून होती, एवढेंच माझें पुण्य! क्लच ओढला, चाक सुटलें, आणि गाडी रस्त्याच्या कडेला मातींत जाऊन थांबली. एस्. टी. च्या चालकानें खिडकींतून जें सांगितलें, तें रेडिओवर सांगण्याजोगें नाहीं.

पिस्टन सिलिंडरला धरला होता. शहरांत एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. गाडी टेंपोंत घालून त्यांच्याकडे नेली. त्यांनीं हेड उघडलें, पिस्टनच्या अंगावरील ओरखड्यांवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "मास्तर, या गाडीनें तुमचा काय गुन्हा केला होता?"

मी म्हणालों, "चाचा, तेल मीं मोजून घातलें होतें."

"घातलें टाकींत. इंजिनाला कोठें पोंचलें? उतारावर तुम्ही मूठ मिटली, म्हणजे पेट्रोल बंद केलें. पेट्रोल बंद, तर त्यांतलें तेलही बंद. आणि इंजिन तर उतारानें गरगर फिरतेंच आहे."

तेलाचा पंप असता तर इंजिनाच्या फिरण्याबरोबर त्यानें, मूठ मिटलेली असतांही, थोडें कां होईना तेल दिलेंच असतें. सपाट रस्त्यावर जी युक्ति चालून जाते, ती लांब उतारावर मारक ठरते ती अशी. पण ही अर्धीच गोष्ट झाली. पिस्टन आधींच तापून फुगला होता, आणि त्याचें कारण माझा तो कडाडणारा सायलेन्सर व उघडा फिल्टर.

पेट्रोल जळण्यास हवेचें प्रमाण ठरलेलें असतें. वजनी एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा. पूर्ण जोरांत हें मिश्रण थोडें घट्टच ठेवतात, कारण जादा पेट्रोल आंतून थंडावा देतें. वाट मोकळी केली कीं हवा अधिक येते. पण कार्बोरेटरमधील जेट, म्हणजे पितळेचें तें बारीक भोंक, पूर्वींचेंच राहतें. मिश्रण पातळ होतें आणि पातळ मिश्रण अधिक तापतें. त्यांतून थंडीची हवा दाट असते. तिच्यांत प्राणवायु अधिक, म्हणून मिश्रण आणखीच पातळ. इंजिन धरण्याची भीति उन्हाळ्यापेक्षां थंडींत अधिक, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. मलाही वाटलें होतें.

सायलेन्सरविषयीं दोन शब्द अधिक बोलल्यावांचून मला राहवत नाहीं, कारण त्याच्यावर सर्वांत आधीं हत्यार चालतें. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा नव्हे. जळक्या वायूची लाट त्याच्या फुगीर पोटांत पसरते, पुढील निमुळत्या भागावर आपटून परत येते, आणि सिलिंडरांतून निसटूं पाहणारें ताजें इंधन पुन्हां आंत लोटते. हें शास्त्र पूर्णत्वास नेलें तें पूर्व जर्मनींतील झोपाउ येथील एम्. झेड्. कारखान्याचे वाल्टर काडेन यांनीं. १९६१ सालीं त्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या शर्यतीच्या गाडीनें २५ अश्वशक्ति गांठली होती. त्याच वर्षीं त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं पळून पश्चिमेकडे गेला, आणि ती विद्या बरोबर घेऊन जपानच्या सुझुकीस मिळाला. १९६२ सालीं ५० घनसेंटिमीटरचें जगज्जेतेपद सुझुकीनें व डेग्नरनें मिळविलें. ज्या पत्र्याच्या आकारासाठीं एका माणसानें देश सोडला, तो आकार आपण ओसरीवर बसून हातोडी-छिन्नीनें सुधारूं पाहतों!

चाचांनीं सिलिंडर बोअर करवून पुढच्या मापाचा पिस्टन बसविला. हीं मापें पाव पाव मिलिमीटरनें वाढत जातात, म्हणून दर चुकीला सिलिंडरचें आयुष्य एका पायरीनें कमी होतें. नव्या पिस्टनच्या व भिंतीच्या मध्यें मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचे तीन-चार हिस्सेच फट ठेवावयाची असते. हें काम मात्र घरीं करूं नये. त्याला यंत्र लागतें आणि यंत्रावर बसलेला हात लागतो. घरीं करण्याजोगें काम निराळें, आणि तें पुष्कळ आहे. पंप परत बसवितांना त्याची तार व मुठीची तार एकाच वेळीं हलतात कीं नाहीं, हें त्यावरील खुणा जुळवून पाहणें. नळींतील हवेचे बुडबुडे काढून टाकणें. सायलेन्सरमधील काजळी वर्षांतून एकदां साफ करणें. ब्रेकचे लायनर झिजले किंवा त्यांना तेल लागलें, तर ते बदलणें. या गाडीला पुढें-मागें दोन्हीकडे ड्रमचाच ब्रेक आहे. ज्याला वेग वाढवावयाचा आहे त्यानें आधीं या ड्रमची दशा पाहावी, मग सायलेन्सरकडे वळावें.

कायद्याचेंही भान ठेवलें पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करूं देत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तेंच ठासून सांगितलें, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५००० रुपये दंड, किंवा दोन्हीं, अशी तरतूद झाली. शिवाय पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, तेव्हां गाडी तपासणीस न्यावी लागतेच. माझी ती काढलेली नळी सुदैवानें माळ्यावर सांपडली.

आतां एक बदल असा आहे कीं, तो आपण केला नसून इंधनानें केला आहे. २०२५ सालीं आपल्या देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायु घेऊन येतें. एका भागास तें ९ च भाग हवा मागतें. अशा मिश्र पेट्रोलास सुमारें १३.५ भाग हवा पुरते. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढेंच इंधन गेलें तरी मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनीं पातळच झालें. गाडीला हात न लावतांही माझ्या त्या उघड्या फिल्टरची चूक घरोघर होऊं शकते ती अशी. माझ्या समजुतीप्रमाणें या गाडीला आज जर कोणता फेरफार अवश्य असेल, तर तो हा कीं, मोठें जेट एक-दोन क्रमांकांनीं वाढवावें. १०० असेल तर १०५ लावून पाहावें. मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मुठींत थोडें चालवून, मूठ न मिटतां क्लच दाबून त्याच क्षणीं इंजिन बंद करावें आणि प्लग काढून पाहावा. चिनी मातीच्या मुळाशीं फिकट राखाडी किंवा पांढरें दिसलें, तर मिश्रण अजून पातळ आहे. तांबूस-तपकिरी कडें दिसलें, तर ठीक.

इथेनॉल पाणीही ओढून घेतें. पावसाळ्यांत महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकींत तें पाणी तळाशीं बसतें आणि टाकी आंतून गंजते. जुन्या रबराच्या नळ्याही त्यानें फुगतात. म्हणून गाडी ठेवून द्यावयाची असेल तेव्हां कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, आणि पेट्रोलची नळी नव्या इंधनाला टिकणारी घालावी. तिला फारसा खर्च येत नाहीं.

चाचांनीं गाडी परत दिली तेव्हां पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या मुठीच्या वर जाऊं नका, असें बजावलें होतें. तेवढे पुरे होईपर्यंत मी घाटाकडे फिरकलों नाहीं; दौलताबादेहून शहराकडच्या सपाट रस्त्यानेंच सकाळीं जाऊन येत असें. त्यानंतर पहिल्यांदा वेरूळला गेलों तो दुपारीं, सावकाश, आणि उतरतांना दर थोड्या वेळानें मूठ किंचित उघडून. पंप आहे, तरीही. डावीं दोन बोटें क्लचवर असतात, तीं अजून तेथेंच आहेत.