धंदा निवडताना : चार खोट्या समजुती



पोरगा किंवा पोरगी दहावीला बसली, की घरात प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? त्याचं उत्तर आपण पुष्कळदा ऐकीव गोष्टींवरून देतो. अशा चार समजुती आज आपण तपासून पाहू.

पहिली समजूत : बापाचा धंदा तोच पोराचा धंदा.
भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. इथे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राबले. पुढे घरोघर स्टील आलं, प्लास्टिक आलं. पितळेचं गिऱ्हाईक घटलं. कारागिराच्या हातात खोट नव्हती, बाजार बदलला. म्हणून आधी विचारावं : या मालाला उद्या गिऱ्हाईक आहे काय? असेल, तर बापाचा धंदा धरायला लाज कसली? आंधळगावकडे कोसा विणतात. त्या कापडाला दूरदूर मान आहे.

दुसरी समजूत : नोकरी तीच खरी कमाई, आणि ती पैसे चारल्याशिवाय मिळत नाही.
या समजुतीनं घरं बुडतात. दलाल म्हणतो, ‘साहेब ओळखीचे आहेत, काम पक्कं समजा.’ बाप वावर विकतो. पैसे जातात, नोकरी येत नाही. तक्रार करावी, तर तोंड उघडायची चोरी. २०१८ साली कायदा बदलला. तेव्हापासून लाच घेणारा जसा गुन्हेगार, तसा देणाराही. ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरीसाठी अर्ज जरूर करावा, परीक्षा द्यावी. पण दलालाला एक पैसा देऊ नये.

तिसरी समजूत : दहावी नापास म्हणजे सारं संपलं.
असं नाही. आयटीआयमध्ये हातचं काम शिकवतात. वयाची १४ वर्षं पुरी झाली की अर्ज करता येतो. दहावी नापास मुलांसाठीही तिथे काही विषय असतात. वेल्डिंग १ वर्षात शिकता येतं, इलेक्ट्रिशियनला २ वर्षं लागतात. तुमसरकडे धानाच्या गिरण्या आहेत. वावरात पाण्याच्या मोटारी आहेत. त्या बिघडणारच, आणि दुरुस्त करणारा लागणारच.

चौथी समजूत : यंत्राचं काम पोरीला जमत नाही.
भर पावसात, चिखलात, दिवसभर वाकून धानाची रोवणी कोण करतं? आपल्या बायाच ना? मग पोरीच्या हाती पाना-पक्कड का शोभू नये? आयटीआय मुलींनाही खुली आहे.

तर मग निवड कशी करावी? आम्ही तीन गोष्टी सांगतो. एक, पोराला आणि पोरीला आवड विचारा. दोन, जो तो धंदा करतो, त्याच्याकडे आठ दिवस पाठवा. घाम किती, दाम किती, हे डोळ्यांनी पाहू द्या. तीन, शिकायला खर्च किती आणि वेळ किती, हे संस्थेत जाऊन स्वतः विचारा. तिथला कागद स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येतं.

धंदा चुकला तर बदलता येतो. विकलेलं वावर सहसा परत येत नाही. एवढं ध्यानात ठेवा.