आधी विचारा, पाणी कुठलं?



दंतवैद्यकांची ही परिषद चंद्रपुरात भरणार हे कळलं तेव्हाच माझा विषय ठरला. ज्या भागात दातांवरचे तपकिरी पट्टे पाहून गावच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो, तिथे फ्लोराइड सोडून दुसरं काही बोलणं मला जमणार नाही.

अलीकडे आपल्या प्रत्येकाच्या खुर्चीवर बसून कुणीतरी विचारलं असेल, "डॉक्टर, फ्लोराइडने मुलांची बुद्धी कमी होते म्हणे. पेस्ट बदलू का?" हा प्रश्न अमेरिकेतून आला आहे. तिथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल दिला: लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यंक यांचा संबंध दिसतो, आणि हे आम्ही मध्यम खात्रीने सांगतो. तिथे नळाच्या पाण्यात मुद्दाम मिसळतात ते ०.७ मिलिग्रॅम; त्याबद्दल निर्णय द्यायला पुरेसा पुरावा नाही, असंही त्याच अहवालात आहे. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयाने पर्यावरण संरक्षण संस्थेला या धोक्याची दखल घ्यायला सांगितलं. २०२५ मध्ये युटा राज्याने पाण्यात फ्लोराइड मिसळायला बंदी घातली, पाठोपाठ फ्लोरिडाने.

दुसरी बाजूही खरी आहे. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने १९४५ मध्ये जगात प्रथम पाण्यात फ्लोराइड मिसळलं, तेव्हा फ्लोराइडची पेस्ट बाजारात नव्हती. तिथल्या मुलांच्या दातांची कीड निम्म्याहून खाली आली. पेस्ट आल्यानंतरच्या काळाचा मात्र कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये आढावा घेतला, तेव्हा फायदा उरला होता मुलामागे सरासरी पाव दुधाच्या दाताइतका. माझं मत स्पष्ट सांगतो. भारतात पाण्यात फ्लोराइड मिसळायचं काहीच कारण नाही. दातांना ते पेस्टमधून मिळावं, आणि तान्ह्यांच्या ब्रशवर ती तांदळाच्या दाण्याएवढीच असावी.

पण एक गोष्ट मला अस्वस्थ करते. त्या अमेरिकी अहवालाने तपासलेले बुद्ध्यंकाचे अभ्यास अमेरिकेतले नाहीतच. ते मुख्यतः चीनमधले आहेत, भारतातले, इराणमधले, मेक्सिकोतले. त्यांतली कित्येक मुलं जमिनीतूनच आलेलं फ्लोराइड पिऊन वाढलेली. १.५ च्या वरचं पाणी पिणारी मुलं आपली आहेत. त्यांच्या शरीरावरून निघालेला निष्कर्ष हाती घेऊन ०.७ वाले कोर्टात जातात, कायदे करतात. आणि इकडे यवतमाळ-किनवटच्या पट्ट्यात तोच हापसा चालू राहतो.

भारतात फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे होणाऱ्या दात-हाडांच्या आजाराची, पहिली नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातली. मूळ खडकात आहे. ग्रॅनाइट आणि नाइससारख्या जुन्या खडकांत फ्लोराइडची खनिजं असतात. पाण्यात कॅल्शियम कमी आणि अल्कता जास्त असली की ते विरघळून पाण्यात उतरतं आणि तिथेच राहतं. काळ्या बसाल्टवरचा महाराष्ट्र यातून बराचसा वाचला. पूर्व विदर्भ आणि नांदेडची कड वाचली नाही. उथळ विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात बदलतं, खोल बोअरचं वर्षानुवर्षं खडकात मुरत राहतं. टंचाई आली की आपण आणखी खोल जातो.

आता मात्रेचं बघू. भारतीय मानक १ मिलिग्रॅम सांगतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. हा आकडा पाण्याचा आहे, माणसाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही १.५ ची मर्यादा देताना बजावते की हवामान आणि माणसं किती पाणी पितात हे पाहून देशाने आपला आकडा ठरवावा. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणारी बाई दिवसाला ५-६ लिटर पाणी पीत असेल, तर चालवून घेतलेल्या १.५ च्या पाण्यातून तिच्या पोटात ७.५ ते ९ मिलिग्रॅम फ्लोराइड जातं. ज्या नळावरून अमेरिकेत खटला चालला, त्याचं २ लिटर पाणी पिणाऱ्याला मिळतं १.४. शिवाय तिचा कोरा चहा वेगळा. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं. आणि दुधातलं कॅल्शियम आधार देऊ शकलं असतं, ते दूध तिला परवडत नाही.

उपाय नाहीत असं नाही. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड गाळाबरोबर खाली बसवण्याची पद्धत काढली. नलगोंडाच्या नावाने ती देशाबाहेरही गेली. शास्त्र सोपं आहे, रोज चालवणं सोपं नाही. तुरटी किती घालायची हे त्या पाण्याच्या अल्कतेवर ठरतं, गाळ काढावा लागतो, आणि हे करणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. म्हणून नदीचं, तलावाचं किंवा चांगल्या विहिरीचं पाणी जिथे आणता येईल तिथे तेच आणावं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आता आपल्याकडे येतो. कायमच्या दातांचं इनॅमल मुख्यतः पहिल्या ८ वर्षांत घडतं. १२ वर्षांच्या मुलाच्या दातांवरचे पट्टे म्हणजे त्या वर्षांत तो कुठलं पाणी प्यायला याची नोंद. हाडांचा फ्लोरोसिस, ती ताठलेली मान आणि न वळणारी पाठ, यायला आणखी बरीच वर्षं लागतात, आणि आला की तो बरा करणारं औषध नाही. म्हणजे सगळ्यांत आधी दिसतं ते आपल्याला. पट्टे घासून, वर कंपोझिट चढवून मुलाला घरी पाठवणं पुरेसं नाही. त्याची धाकटी बहीण आजही त्याच बोअरचं पाणी पिते आहे.

म्हणून मी एक ठराव आणतो आहे. प्रत्येक केसपेपरवर नाव-वयाच्या खाली गाव आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत लिहावा. पट्टे दिसले की त्या पाण्याचा नमुना, काचेच्या नव्हे तर प्लास्टिकच्या बाटलीत, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे जावा. आलेला आकडा ग्रामसभेत वाचला जावा आणि हापशाशेजारी ठळक रंगवला जावा, यासाठी आपल्या जिल्हा शाखांनी पाठपुरावा करावा. पेस्टबद्दल विचारणाऱ्या पालकाला उत्तर देण्याआधी हा आकडा आपल्याला माहीत हवा.

मसुदा आपल्या फायलीत आहे. ठराव उद्या सकाळच्या सत्रात मतास येईल. दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर आज रात्री जेवणापूर्वी माझ्याकडे द्याव्यात, ही विनंती.