मुतखडा : खापर चुन्यावर, दोष तहानेचा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही मुतखडा हा विषय मुद्दाम निवडला. आम्ही ना वैद्य, ना डॉक्टर. मॅट्रिक होऊन उभा जन्म खेड्यांतील शाळांत घालविलेले शिक्षक. तथापि आपल्यापैकी बहुतेकांची मूळ गावे कोरडवाहू मुलखात आहेत, आणि कमरेपासून जांघेकडे धावणारी ती कळ तेथे कोणास अपरिचित नाही.

व्याधी पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ या नावाने तिचे चार प्रकार सांगितले असून शस्त्रक्रियेचेही वर्णन आहे. इंग्रजी अमदानीत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना निरनिराळे आहार देऊन खडा कसा धरतो हे पाहिले व १९३१ साली ते प्रसिद्ध केले. धान्यावरच पोसलेल्या उंदरांना खडे झाले. दुधाची पुरेशी जोड मिळाली तेथे ते टळले.

आणि खेड्यात आज दोष कोणावर येतो? भातातील खड्यावर, पानाच्या चुन्यावर, विहिरीच्या जड पाण्यावर आणि सरतेशेवटी बिचाऱ्या दुधावर! भातातून पोटात गेलेला खडा आतड्याच्या वाटेने निघून जातो. मूत्रपिंडाशी त्याची गाठ पडत नाही. काळ्या कातळातील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असते, हंड्यास पांढरे पुट चढते, हे खरे. पण देह म्हणजे हंडा नव्हे.

बहुसंख्य खडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांच्या संयोगाने बनतात. पालक, अळू, तीळ, शेंगदाणे, चहा यांत ऑक्झलेट असते. त्याच जेवणात दूध-ताक असेल तर त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटास आतड्यातच गाठते व दोन्ही शौचावाटे बाहेर पडतात. ताक तोडले, की ऑक्झलेट मोकळे सुटून मूत्रात उतरते. आपल्या आज्या पालक ताकातच का शिजवीत, याचे कारण त्यांना ठाऊक असो वा नसो, रीत उत्तम होती. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांत खडे कमी आढळले. २००२ साली इटलीतील पाच वर्षांच्या प्रयोगाचा निष्कर्ष आला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांस खडा पुन्हा झाला; कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांस कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांस. इतके असूनही खड्याच्या धास्तीने वाढत्या पोरांचा दुधाचा पेला काढून घेणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

मिठाची गोष्ट निराळी. मीठ मूत्रावाटे जाताना कॅल्शियमही ओढून नेते. दिवसाकाठी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. ठेचा, लोणचे, पापड, सुकी मासळी यांवर भाकरी खाणाऱ्याने ती मनात धरावी. उलटपक्षी लिंबातील सायट्रेट खडा धरू देत नाही; मात्र सरबतात मूठभर मीठ नको.

आता मुख्य मुद्दा. १९९६ साली त्याच इटलीत, एकदा खडा होऊन गेलेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी पिणाऱ्यांत शेकडा १२ जणांस, इतरांत शेकडा २७ जणांस खडा पुन्हा झाला. दिवसास दोन-अडीच लिटर मूत्र व्हावे इतके पाणी पोटात जावे. उन्हात राबणाऱ्याचे पाणी घामावाटे जाते, म्हणून त्यास कितीतरी अधिक हवे. (मूत्रपिंड वा हृदयाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेल्यांनी त्यांचेच ऐकावे.)

हे ऐकून भगिनींना काय वाटले असेल, याची आम्हांस कल्पना आहे. शाळा सुटताना मुलांच्या बाटल्या रिकाम्या आणि मुलींच्या भरलेल्या, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. मुलींना तहान लागत नाही असे नव्हे. जाण्याजोगी जागा नाही, म्हणून त्या पीत नाहीत. खुरपणीस जाणाऱ्या बायांचे तेच, उसाच्या फडातील बायांचे तेच. त्यांना ‘पाणी प्या’ असा नुसता उपदेश करणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते.

औषधांविषयी थोडेच सांगतो. पाच मिलिमीटरच्या आतील खडा बहुधा आपोआप पडतो आणि श्रेय पुडीवाल्यास मिळते. कुळथाचे कढण प्यावे. निदान तेवढे पाणी तरी पोटात जाते. परंतु कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर कढण बाजूस ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तेथे विलंब झाल्यास मूत्रपिंडच नव्हे, प्राणही जाऊ शकतो.

मंडळाकडे एकच मागणी आहे. यंदाच्या शिक्षणनिधीतून काही रक्कम काढून, आपल्या गावांपैकी ज्या शाळांत मुलींकरिता दार लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह नाही, तेथे ते बांधून द्यावे. पहिल्या शाळेसाठी आमची एक महिन्याची पेन्शन आम्ही आजच खजिनदारांकडे दिली आहे.