औषधाच्या आधी जन्मणारा प्रतिरोध

क्षयाच्या जीवाणूला औषधाची सवय होते आणि मग ते औषध त्याला लागू पडेनासे होते, ही समजूत सुशिक्षित समाजातही खोलवर रुजलेली असली, तरी ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची आहे आणि तिच्यामुळे रुग्णावर मोठा अन्यायही होतो. औषध प्रतिरोध निर्माण करत नाही. औषध पोचण्यापूर्वीच जे थोडे जीवाणू त्याला दाद न देणारे असतात, त्यांच्यासाठी ते इतरांना मारून रान मोकळे करून देते.

या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच 1998 मध्ये उलगडला गेला. त्यात सुमारे 44 लाख अक्षरे, म्हणजे डीएनएतील बेसच्या जोड्या, आणि सुमारे 4000 जनुके आहेत. प्रत्येक विभाजनाच्या वेळी या साऱ्याची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. या कायम राहणाऱ्या चुकीलाच उत्परिवर्तन म्हणतात. अनेक जीवाणू प्रतिरोधाची जनुके एकमेकांकडून उसनी घेतात, मात्र क्षयाचा जीवाणू तसे करत नसल्यामुळे त्याचा सारा प्रतिरोध अशा स्वतःच्या चुकांतूनच येतो. क्षयावरील आयसोनियाझिड या औषधाला न जुमानणारा जीवाणू ढोबळमानाने 10 कोटींत एक, तर रायफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा 1000 कोटींत एक आढळतो. फुप्फुसात क्षयाने पडलेल्या एका पोकळीत काही कोटींपासून 100 कोटींपर्यंत जीवाणू असू शकतात, त्यामुळे एकटे आयसोनियाझिड दिल्यास प्रतिरोधी वाण वर येण्याची शक्यता मोठी असते. दोन्ही औषधे एकत्र दिल्यास मात्र एकावर अठरा शून्ये इतक्या जीवाणूंत एखादाच दोहोंतून निसटेल, आणि इतके जीवाणू कोणत्याही शरीरात मावत नाहीत. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेने 1948 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्या 55 जणांपैकी 4 आणि न घेणाऱ्या 52 जणांपैकी 14 दगावल्याचे दिसले होते. परंतु एकच औषध दिल्याने बहुतेकांत प्रतिरोधी जीवाणू वरचढ झाले आणि पाच वर्षांनंतर हा फरक फारसा उरला नाही. आजच्या बहुऔषधी उपचाराचा पाया या कटू अनुभवात आहे.

उत्परिवर्तन नेमके काय बदलते, हे रायफॅम्पिसिनच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. डीएनएवरून आरएनए तयार करणाऱ्या विकराचा एक भाग आरपीओबी या जनुकात लिहिलेला असतो. रायफॅम्पिसिन त्या भागाला चिकटून आरएनएची वाढती साखळी अडवते. या जनुकातील अवघ्या 81 अक्षरांच्या पट्ट्यात सुमारे 95 टक्के प्रतिरोधी वाणांची उत्परिवर्तने एकवटलेली असतात, आणि त्यांतील सर्वांत नेहमीच्या बदलात 450 व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन येते. आयसोनियाझिडची तऱ्हा वेगळी, कारण ते निष्क्रिय रूपात शरीरात जाते आणि जीवाणूचेच कॅटजी हे विकर त्याला मारक रूप देते. हे विकर जीवाणूचा बचावही करत असल्याने ते पूर्ण गमावणे त्याला परवडत नाही. 315 व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन आले, की औषध जागे होत नाही आणि बचाव बराचसा टिकतो, म्हणूनच हा बदल जगभर वारंवार सापडतो.

अशा बदलांमुळे जीवाणूची वाढ पुष्कळदा मंदावते, पण आरपीओसीसारख्या जनुकांतील पुढची उत्परिवर्तने ती उणीव भरून काढतात, आणि मग प्रतिरोधी वाण एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज पसरतो. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात, जिथे हवा खेळत नाही अशा खोल्यांतून, कधीही टीबीचे औषध न घेतलेल्या माणसाला थेट बहुऔषध-प्रतिरोधी, म्हणजे आयसोनियाझिड आणि रायफॅम्पिसिन या दोन्हींना दाद न देणारा, क्षय होतो. त्याला गोळ्या चुकवल्याबद्दल दोष देणे निर्दयपणाचे आहे. औषधे वेळेवर न पोचणे, आयसोनियाझिडचा प्रतिरोध न तपासताच उपचार सुरू होणे आणि त्यामुळे प्रत्यक्षात बराच भार एकट्या रायफॅम्पिसिनवर पडणे, या व्यवस्थेच्या चुका आहेत आणि त्यांची जबाबदारी व्यवस्थेनेच घेतली पाहिजे.

बेडक्यातून थोड्या तासांत रायफॅम्पिसिनचा प्रतिरोध ओळखणारी सीबीनॅट चाचणी त्या 81 अक्षरांच्या पट्ट्यावरच उभी आहे. गोव्यातील कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट लहान केंद्रांतही चालते. तथापि इस्वातिनीत 2009 च्या सर्वेक्षणातील बहुऔषध-प्रतिरोधी वाणांपैकी सुमारे 30 टक्के वाणांत 491 व्या जागी, म्हणजे पट्ट्याबाहेर, उत्परिवर्तन होते आणि ते सीबीनॅटला दिसत नाही. 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आणि आज प्रतिरोधी क्षयावरील सहा महिन्यांच्या नव्या उपचाराचा कणा ठरलेल्या बेडाक्विलिनबाबत अडचण याहून बिकट आहे: त्याचा प्रतिरोध बहुधा ज्या जनुकातील बदलांमुळे येतो, तिथे ते बदल एका पट्ट्यात न राहता जनुकभर विखुरलेले असतात, त्यामुळे ते हुडकण्यासाठी संपूर्ण जनुकाचे वाचन करावे लागते आणि त्याची सोय जिल्ह्याच्या पातळीवर फार थोड्या ठिकाणी आहे.