खोपोली लोकलला बँकर कशाला?

आजचा भाग पळसदरी स्टेशनच्या बाकावर बसून रेकॉर्ड करतोय. मधेच गाडी धडधडली तर समजून घ्या.

इथून दोन वाटा फुटतात. एक खोपोलीला, दुसरी बोरघाट चढून लोणावळ्याला. घाटात दर 37 मीटरला एक मीटर चढ. म्हणून लोणावळ्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. तेच आपले बँकर. खोपोली लोकलला मात्र ते कोणी लावत नाही. गरजच नाही ना!

तुमचा फोन दिवसभर असाच हिशेब करत असतो. आत साधारण आठ कोअर असतात, पण सगळे सारखे नसतात. काही लहान, कमी बॅटरी खाणारे. काही मोठे, वेगवान पण खादाड. एआरएम कंपनीने ही 'बिग-लिटल' रचना 2011 मध्ये जाहीर केली. कुठलं काम कुठल्या कोअरवर पाठवायचं, हे ठरवतो शेड्युलर.

अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सचा शेड्युलर बघतो, की या कामाने आत्ता-आत्ता किती कोअर वापरला. जुना वापर तो विसरत जातो. 32 मिलिसेकंदांपूर्वीच्या वापराला निम्मंच वजन. मग दोन प्रश्न : हे काम कुठे मावेल? आणि मावेल तिथे वीज कुठे कमी लागेल? हा विजेचा हिशेब मूळ लिनक्समध्ये 2019 साली, 5.0 आवृत्तीत आला. एखादा कोअर साधारण 80 टक्क्यांच्या वर भरला, की तो हिशेब बाजूला ठेवून कामं सगळीकडे वाटली जातात.

आता माझा गाढवपणा ऐका. मे महिन्यात माझा फोन तापायचा, अडकायचा. नवा घ्यायला निघालो होतो, हप्त्यावर! मग लक्षात आलं, मी दर दहा मिनिटांनी सगळी ॲप्स सरकवून बंद करत होतो. प्रत्येक ॲप पुन्हा शून्यापासून उघडणार, म्हणजे दरवेळी घाट आणि दरवेळी बँकर. वर फोन बाईकवर, भर उन्हात. तापला की फोन स्वतःच मोठ्या कोअरचा वेग कमी करतो. दोन्ही सवयी सोडल्या. आज रेकॉर्डिंग त्याच फोनवर चाललंय, आणि हप्ता शून्य.

तेव्हा नवा फोन घेण्याआधी आठवडाभर हे करून बघा. स्क्रीन बंद करून मला ऐकत असाल, तर तुमचे मोठे कोअर आत्ता बहुधा झोपलेत. झोपू द्या त्यांना!

चला, लोकल आली. भेटू पुढच्या भागात.