हंड्याची किंमत कोण ठरवतं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कॉम्प्युटरवर बोल.” मी त्यांची परवानगी काढून विषय बदलून घेतला. मी आज जुन्या भांड्यांवर आणि हत्यारांवर बोलणार आहे. कारण या मेळाव्याच्या निमित्ताने गेले दोन महिने आपण सगळे एकमेकांना फोन करतोय, आणि निम्म्या फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येतंय, “जुनं घर पाडतोय गं.” जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत आली. गावागावांतली कौलारू घरं त्याआधीपासूनच उतरत होती, आता वेग वाढलाय. घर उतरवायच्या आदल्या आठवड्यात दारात टेम्पो उभा राहतो आणि माळ्यावरचं, मोरीतलं, पडवीतलं सगळं सरसकट भंगारात जातं.

गेल्या वर्षी माझ्या काकीचं घर असंच उतरवायचं ठरलं. काका करंजा बंदरात होड्यांच्या डागडुजीची सुतारकामं करायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या चुलतभावाने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एक फेरी मारली, काही वजन केलं नाही, आणि म्हणाला, “सगळ्याचे मिळून ११,००० देतो, उद्या उचलतो.” भावाला घर रिकामं करायची घाई होती, तो जवळजवळ हो म्हणालाच होता. मी पाच रविवार मागून घेतले. आणि जे नोकरीत रोज करते तेच केलं, यादी केली. एकूण ६३ वस्तू निघाल्या. प्रत्येकीपुढे काय आहे, कशाची आहे, वजन किती, कोणी कधी आणली, हे लिहिलं. त्या यादीतून मला जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

जुन्या वस्तूला एक किंमत नसते, तीन असतात. पहिली मोडीची, दुसरी वापराची, तिसरी हौसेची. विकताना आपली फसगत होते ती या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे.

मोडीचा भाव म्हणजे धातूचा भाव. भांडं वितळवलं तर त्यात धातू किती, एवढाच प्रश्न. तांब्याचा भाव लंडनच्या धातू बाजारात आणि आपल्याकडे मुंबईच्या वायदे बाजारात रोज ठरतो, म्हणजे काकीच्या मोरीतल्या बंबाची किंमतसुद्धा रोज हलत असते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. कथील महाग, म्हणून कासं पितळेच्या ढिगात घालायचं नाही. ओळखायचं कसं? बोटाने टिचकी मारा. काशाचा आवाज घंटेसारखा लांबत जातो, पितळेचा लवकर थांबतो. लोखंडी कड्या, दांडे, बूड वेगळं असेल तर आधी सुटं करा, नाहीतर दुकानदार अंदाजाने वजन वजा करतो आणि तो अंदाज त्याच्या बाजूचा असतो. वजन घरच्या काट्यावर आधी करून ठेवा. मी दोन ठिकाणी विचारलं, पितळेचा भाव किलोमागे ४८० ठरला. पोचे आलेली, भोकं पडलेली भांडी निवडली, ती १२ किलो भरली. त्याचे ५,७६० रुपये आले. या वस्तूंना मोडीपेक्षा जास्त किंमत नव्हती आणि ती आहे असं मनाला समजावण्यात अर्थ नव्हता.

दुसरी किंमत वापराची. इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. काकांच्या पेटीत १४ हत्यारं होती. दोन रंधे, सहा पटाश्या, एक वाकस, एक सामता, एक गिरमिट, एक गुण्या आणि दोन करवती. सगळी मिळून ११ किलो. लोखंडाच्या भावाने त्यांचे ३३० रुपये झाले असते. मी ती गंज खरवडून चकचकीत केली नाहीत, नुसती तेलाने पुसली आणि उजेडात फोटो काढले. पात्यावरचा कारखान्याचा ठसा, धारेची बाजू आणि जिथे दांडा चिरला होता तो भागसुद्धा दाखवला. पनवेलकडचा एक तरुण सुतार आला. आज बहुतेक काम प्लायवूडचं आणि मशीनचं, पण हा सागवानी दारं दुरुस्त करतो. त्याने प्रत्येक पटाशी अंगठ्याच्या नखावर लावून पाहिली आणि ४,२०० रुपये दिले. लोखंड तेच, वजन तेच. फरक एवढाच की भंगारवाल्याला ते लोखंड होतं आणि त्याला ती पटाशी होती.

तसंच उषाचं शिवणयंत्र. ते चालू होतं, हे मी शिवून दाखवलं, त्याचे २,५०० आले. बंद असतं तर त्याला कोणी हात लावला नसता. उलट पाटा-वरवंटा आणि जातं कोणी फुकटही नेईना. त्यांना टाकी लावून घ्यावी लागते, आणि उचलून न्यायचं भाडं वस्तूपेक्षा जास्त होतं. वापराची किंमत ही अशी असते. वापरणारा सापडला तर आहे, नाही सापडला तर शून्य.

तिसरी किंमत हौसेची. हौशी माणूस चार गोष्टी बघतो. कोणी बनवली, पुरी आहे का, मूळ रूपात आहे का, आणि तिच्याबद्दल काय माहिती आहे. काकीकडे ओगलेवाडीच्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील होता. नाव स्पष्ट, मूळ काच शाबूत. त्याचे १,२०० मिळाले. काच फुटलेली असती तर पाव किंमतही आली नसती. म्हणून वस्तू विकायच्या आधी चिंच, पितांबरी, घासपेपर घेऊन बसू नका. वर्षानुवर्षं धातूवर चढलेला काळसर रंग हाच हौशी गिऱ्हाइकाला जुनेपणाचा पुरावा असतो. आपण प्रेमाने घासतो आणि किंमत घासली जाते.

भाव शोधताना एक पथ्य पाळा. इंटरनेटवर लोक जे आकडे लावतात ती मागणीची किंमत असते. कोणीतरी पितळी डब्याला १५,००० लिहितो आणि तो डबा दोन वर्षं तसाच पडून असतो. खरी किंमत म्हणजे ज्या आकड्याला वस्तू खरोखर विकली गेली तो आकडा. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी एक फेरी मारा, पण दुकानदाराच्या तोंडचा पहिला आकडा घेऊन परत येऊ नका. गिऱ्हाईक किती देऊन गेलं, ते उभं राहून बघा. आणि हेही लक्षात ठेवा की दुकानदाराला जागेचं भाडं आहे, माल महिनोन्‌महिने पडून राहतो. तो १,००० ला विकतो म्हणून आपल्याला १,००० देणार नाही. तो चोर नाही, तो त्याचा धंदा आहे.

आता त्या ११,००० कडे येते. भंगारवाल्यानेही काही गुन्हा केला नव्हता. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, त्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की, एका बाजूला माहिती जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असली की बाजार बिघडतो. त्यांच्या उदाहरणात विकणाऱ्याला जास्त माहीत असतं. आपल्या पडवीत उलटं असतं. विकणाऱ्याला काहीच माहीत नसतं आणि घेणाऱ्याला सगळं.

खरं म्हणजे “विकणाऱ्याला माहीत नसतं” हेही पूर्ण खरं नाही. काकीला सगळं माहीत होतं. यादी करताना मी शेर आणि पायली उचलली तर तिने सांगितलं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि कोणत्या खळ्यावर कोणती पायली चालायची तेही. देशात १९६२ पासून व्यापारात मेट्रिक मापं सक्तीची झाली आणि ही मापं माळ्यावर गेली. आमच्या पिढीने ती फक्त गोष्टीत ऐकली. कोणतं भांडं कोणत्या लग्नातलं, कोणतं बोहारणीकडून जरीच्या साडीवर घेतलेलं, कोणतं भिशीच्या पैशांतलं, हे तिला तोंडपाठ होतं. मी विचारलं, “काकी, हे तू दादाला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “मना कोन इचारतंय?”

मित्रहो, माझ्या सगळ्या भाषणातलं महत्त्वाचं वाक्य हेच आहे, आणि ते माझं नाही, काकीचं आहे.

आपल्या आयांच्या, सासवांच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली असतात. जमीन पुरुषांच्या नावावर, घर पुरुषांच्या नावावर, बऱ्याच बायकांचं नाव आयुष्यात कोरलं गेलं ते फक्त हंड्यावर. मोडीच्या दुकानात त्या नावाला काही भाव नाही. हौशी गिऱ्हाइकांतही काही जण म्हणतात, नाव आहे म्हणून कमी द्या. पण पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा जाऊन या. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, फण्या, भांडी जमवली, साध्या घरांतल्या रोजच्या वस्तू. तिथल्या काचेपुढे उभं राहिलं की कळतं, आपण ज्याला अडगळ म्हणतो त्याच्याकडे बघायची दुसरीही नजर आहे.

आम्ही मग यादीत पाचवा रकाना वाढवला, “काकीचं मत”. त्यात तीनच उत्तरं, विकायचं, ठेवायचं, कुणाला द्यायचं. मला वाटलं होतं ती सगळं ठेवायला सांगेल. तसं झालं नाही. तांब्याचा बंब तिने पहिल्या फटक्यात विकायला काढला. म्हणाली, पन्नास वर्षं पहाटे उठून त्यात लाकडं घातली, पुरे झालं. बंब ८ किलोचा होता. मोडीत त्याचे ५,६०० येत होते. अलिबागकडे पर्यटकांसाठी घर चालवणाऱ्या एका बाईंनी तो ९,५०० ला नेला. लग्नातला हंडा आणि समई तिने ठेवली. काशाच्या वाट्या तिन्ही नातींना दिल्या, तळपायाला तूप लावून घासायला. शेर-पायली विकायची नाही, शाळेला द्यायची, असं तिनेच सुचवलं.

सगळे मिळून २३,१६० रुपये आले. टेम्पो आणि इतर खर्च १,१६० जाऊन २२,००० उरले, तेही हंडा, समई, वाट्या आणि मापं घरात ठेवून. माझे पाच रविवार हिशेबात धरले तर हा काही मोठा धंदा नाही, हे मी मान्य करते. पण ते पैसे काकीच्या खात्यात भरले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतः विकलेल्या स्वतःच्या वस्तूंचे पैसे तिच्या हातात होते. माझा भाऊ आधी कुरकुरला, “एवढ्याशासाठी कशाला?” नंतर तोच यादी घेऊन शेजारच्या घरी समजावायला गेला.

आपण उरणकर आहोत. दुसऱ्याने ठरवलेला भाव म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. आज आपल्या घरातलं शेंबडं पोर गुंठ्याचा भाव सांगतं. त्या मोठ्या लढ्याशी माझ्या भांड्यांची बरोबरी मी करत नाही. एवढंच म्हणते की, ज्यांनी बाहेरच्यांना “आम्हाला विचारा” असं ठणकावून सांगितलं, त्यांनी घरातल्या म्हातारीलाही विचारावं.

एक सावधगिरीची सूचना. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना संरक्षण आहे. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यामुळे देव्हाऱ्यातल्या जुन्या मूर्ती, पोथ्या कोणी गोड बोलून मागितल्या तर देऊ नका, आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

ज्यांची घरं या वर्षी उतरणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. टेम्पो बोलवायच्या आधी वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईशेजारी बसा. एक वस्तू, एक ओळ. धातू, वजन, कोणाची, कुठून आली. मग तिला विचारा, काय करायचं. फोटो काढायला नातवंडं आहेतच. सरसकट सौदा करू नका. यादी करायला मदत लागली तर मला फोन करा, रविवारी मी उरणलाच असते.

काकीची शेर-पायली मी आज बरोबर आणली आहे. बाहेर टेबलावर ठेवली आहे, सोबत तिच्याच शब्दांत लिहिलेली चिठ्ठी आहे. गणिताच्या तासाला ती मुलांच्या हातात द्यावी, कपाटात कुलूपबंद करू नये, अशी तिची अट आहे. मुख्याध्यापकांनी ती मान्य केली आहे.