भुसावळ की भुसावल: मुलांना कोड शिकवायचं साधन बनवताना

(बऱ्हाणपुरात मराठी मुलामुलींच्या बैठकीत केलेलं हे बोलणं. बोलताना घाईत राहून गेलेलं थोडं लिहिताना जोडलंय.)



मला दिलेला विषय होता 'सीमेवरचे विद्यार्थी आणि तंत्रज्ञान'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचा माझा वकूब नाही, मी राज्यशास्त्र शिकते. पण गेलं वर्षभर मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक काम करतोय, त्याबद्दल बोलू शकते. तो बीसीए करतो, कोड तो लिहितो. शब्द, धडे आणि मुलं, हे माझ्याकडे.

साधन साधं आहे. ब्राउझरमध्ये उघडायचं. डावीकडे मराठीत सूचना लिहायच्या, उजवीकडे एक शटल त्याप्रमाणे फिरतं आणि मागे रेघ सोडत जातं. '५० पावलं पुढे जा. उजवीकडे ९० वळ.' हे चार वेळा केलं की चौकोन. तिसरीपासून आठवीपर्यंतची मुलं रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या एका खोलीत जमतात आणि दोन जुन्या लॅपटॉपवर हे करतात.

मूळ कल्पना आमची नाही. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा केली. पुढे तिच्यात कासव आलं. पॅपर्ट यांचं म्हणणं होतं की मूल आधी स्वतः कासव होऊन चालून बघतं, मग त्याला कोन कळतो. हे खरंय. आमच्याकडे एक मुलगी फरशीवर चालून बघते, स्वतःशी पुटपुटते, मग येऊन लिहिते. तिला कोणी पॅपर्ट सांगितलेला नाही. नंतर २००७ मध्ये एमआयटीतून 'स्क्रॅच' आलं, रंगीत ठोकळे जोडायचं. मधली काही वर्षं ते फ्लॅशवर चालायचं. २०१९ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं, म्हणून २०२० च्या शेवटी फ्लॅश बंद झालं तरी ते टिकलं. आपल्या महाराष्ट्रातही जुनी उदाहरणं आहेत. २००७ मध्येच रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्याशा मराठी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले होते. आणि एसीएम इंडियाचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून कॉम्प्युटरशिवायच, कागद आणि खेळ वापरून, हाच विचार शिकवतो.

मग आम्ही वेगळं काय करतोय? आम्ही फक्त आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांसाठी करतोय. पण ती मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीत शिकतात, गल्लीत उर्दू आणि निमाडी ऐकतात, आणि कीबोर्डवर त्यांना इंग्रजी अक्षरं दिसतात. एवढं सगळं एका खोलीत आलं की बाहेरून आणलेलं कुठलंही साधन कुठे ना कुठे अडतं.

पहिली अडचण शब्दांची. कासवाला, म्हणजे आमच्या शटलला, वळायला काय सांगायचं? आमच्याकडची मुलं सहज म्हणतात 'फिर'. मराठीत फिर म्हणजे वळ. पण हिंदीत 'फिर' म्हणजे नंतर, पुन्हा! '५० पुढे जा, फिर उजवीकडे' हे वाक्य दोन मुलांनी दोन तऱ्हेने वाचलं आणि दोघंही बरोबर होते. म्हणून 'वळ' ठेवलं. तसंच 'तो'. हिंदीत 'अगर' नंतर 'तो' येतो, मराठीत तो म्हणजे तो मुलगा. आमच्याकडे 'जर' आणि 'तर' आहे. हे शब्दकोश बघून ठरत नाही, मुलांच्या शेजारी बसूनच ठरतं. १९९९ मध्ये सुगाता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत कॉम्प्युटर बसवला, तेव्हा तिथल्या पोरांनी कर्सरला 'सुई' म्हटलं आणि वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. कोणी समिती नेमली नव्हती.

दुसरी गंमत वाक्याची. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून तिकडे 'फॉरवर्ड ५०' लिहितात. आपलं क्रियापद शेवटी. 'पुढे जा ५०' असं कोणती आई मुलाला सांगते? म्हणून आमचा वाचक, म्हणजे कोडचा तो भाग जो वाक्य वाचतो, संख्या आधी आली तरी घेतो आणि नंतर आली तरी घेतो. पाऊल, पावलं, पावले, कदम हे सगळं त्याला एकच. ज्याला व्याकरण शिकवायचंय त्याने मराठीच्या तासाला शिकवावं. इथे मूल कोन शिकतंय.

आकडे हा वेगळाच त्रास. जावास्क्रिप्टला सरळ '५०' असा देवनागरी आकडा दिला आणि म्हटलं की याची संख्या कर, तर उत्तर येतं 'नॉट अ नंबर', म्हणजे ही संख्याच नाही. पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं येतात, जी आमच्या पोरांनी 'नान' अशी वाचली. पन्नास दिले, नान आला! पायथन भाषेत हेच देवनागरी पन्नास बिनतक्रार चालतात. म्हणजे आपल्या आकड्यांत काही खोट नाही, कोणीतरी कुठेतरी ठरवलंय की संख्या म्हणजे ह्याच दहा खुणा. आम्ही आधी सगळे आकडे बदलून घेतो आणि मगच पुढे देतो. सहासात ओळींचं काम आहे.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

यादीच्या धड्यात आम्ही रेल्वे स्टेशनं घेतली: खंडवा, नेपानगर, बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ. मूल स्टेशनाचं नाव लिहितं आणि प्रोग्राम सांगतो की ते यादीत आहे की नाही. आमच्या मुलांना शाळेत 'भुसावल' शिकवलेलं असतं. घरी सगळे भुसावळ म्हणतात, निम्मे नातेवाईक तिकडेच. मुलगा 'भुसावल' लिहितो, यादीत 'भुसावळ' असतं. कॉम्प्युटर म्हणतो: नाही. उलटं असलं तरी नाही. मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

आणि आपल्या गावाचं नाव तर विचारूच नका. हिंदीत बुरहानपुर. मराठीत कोणी बुरहानपूर लिहितं, कोणी बऱ्हाणपूर. त्या 'ऱ्हा' मधला अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक म्हणजे 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरला वेगळे. पडद्यावर दोन 'बऱ्हाणपूर' एकाखाली एक, हुबेहूब, आणि खाली उत्तर: समान नाहीत. आणि जिथे 'ऱ' ची कळच सापडत नाही तिथे मूल 'बर्हाणपूर' लिहून मोकळं होतं.

यावर भावाशी माझं चांगलं भांडण झालं. त्याचं म्हणणं, सोपं आहे ताई, ल आणि ळ एकच धरू, तुलना करताना ळ चा ल करून टाकू. तांत्रिकदृष्ट्या एका ओळीचं काम. मी म्हटलं, अजिबात नाही. काळ आणि काल एकच? बाळ आणि बाल? कळ आणि कल? ज्या अक्षरामुळे आपलं बोलणं लगेच ओळखू येतं, तेच पुसून सोय करायची? पण त्याची बाजूही खोटी नव्हती. आठ वर्षांच्या पोराला 'नाही' ऐकवून ळ वाचत नसतो.

शेवटी दोन नियम झाले. अर्धा र कसाही लिहिलेला असो, एकच धरायचा, कारण तिथे फरक मशीनचा आहे, माणसाचा नाही. ल आणि ळ मात्र वेगळे राहतील. पण गावांच्या नावांना आम्ही दोन्ही रूपं दिली. भुसावल लिहिलं तरी उत्तर 'हो' येतं आणि खाली एक ओळ दिसते: 'हो, आहे. मराठीत याला भुसावळ म्हणतात.' हिंदी निवडलेली असेल तर ओळ उलटी येते. मला विचाराल तर सगळ्या साधनात ही एक ओळ मला सगळ्यात आवडते. भावाला शटल आवडतं.

चुकीचे निरोप हा असाच विषय. लोक मला म्हणतात, 'अगं, मराठीत कोड शिकवून काय उपयोग, नोकरीत तर इंग्रजीच लागणार.' लागणारच की. पण कोडच्या भाषेत इंग्रजी शब्द असतात किती? सुरुवातीला वीस-पंचवीस पुरतात, ते मूल पाठ करतं. अडतं ते चूक झाल्यावर. पडद्यावर लाल अक्षरांत 'अनकॉट सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन' आलं की मोठी माणसंही गप्प होतात. शिकायची वेळ नेमकी तीच असते, आणि तेव्हाच आपण मुलाला परक्या भाषेत झापतो. आमच्याकडे लिहून येतं: 'तिसऱ्या ओळीत कंस उघडलाय, बंद केला नाहीस.' असे साठेक निरोप मी लिहिलेत. त्यात 'चूक' हा शब्द शक्यतो येऊ दिलेला नाही.

तरी त्या इंग्रजीच्या प्रश्नाला आमच्याकडे एक बटण आहे. आतमध्ये प्रोग्राम शब्दांत साठवलेला नसतोच. तो एखाद्या झाडासारखा असतो: ही फांदी 'पुन्हा कर', तिला चार वेळा, तिच्या खाली 'पुढे जा'. शब्द म्हणजे वरचा लेप. बटण दाबलं की तोच प्रोग्राम हिंदीत दिसतो, पुन्हा दाबलं की उर्दूत, उजवीकडून डावीकडे, आणि शेवटी खऱ्या जावास्क्रिप्टमध्ये. आठवीतली दोन मुलं आता सरळ जावास्क्रिप्टच लिहितात, अडलं की मराठीत उलटवून बघतात. अशी सोय करणारे जगात इतरही आहेत. नेदरलँड्समधून २०२० मध्ये निघालेली 'हेडी' मुलांना स्वतःच्या भाषेतले शब्द वापरू देते, हिंदीत 'कलाम' आहे. आम्हाला चार भाषा एकाच खोलीत हव्या होत्या, एवढंच.

शटल का, हे राहिलं. बऱ्हाणपुरात कासव कोणाला माहीत नाही असं नाही, पण पॉवरलूम सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी कोणी ना कोणी लूमवर आहे. 'पुन्हा पुन्हा तेच, मग एकदा वेगळं' हे त्यांना शिकवावं लागत नाही, साडीचा काठ दाखवला की पुरतं. आणि हा जोड काही ओढूनताणून आणलेला नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग केला, चार्ल्स बॅबेजने त्या पुठ्ठ्यांची कल्पना आपल्या यंत्रासाठी घेतली, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्रावर जी टिपणं लिहिली त्यांत आजच्या प्रोग्रामचं बीज आहे. हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, 'मग माझे पप्पा पण कोडिंग करतात.' तिथे बसलेले त्याचे पप्पा लाजले.

'सतत कर' ही सूचना मुलांना फार आवडते, आणि ब्राउझरला अजिबात नाही. न संपणारं काम दिलं की तो टॅबच गोठतो. म्हणून आम्ही मुलाचा प्रोग्राम थेट ब्राउझरच्या हातात देत नाही. आमचा वाचक एक सूचना करतो, थांबतो, पडदा रंगवू देतो, मग पुढची करतो. यात दोन फायदे: 'थांब' बटण नेहमी चालतं, आणि जी ओळ चालू आहे ती पिवळी दिसते.

लाइट जाते, नेट जातं, घरात फोन एक आणि तोही वडिलांबरोबर लूमवर. म्हणून सगळं साधन एकाच फाइलमध्ये आहे, पेनड्राइव्हवर देता येतं. खातं नाही, पासवर्ड नाही, फोन नंबर नाही. प्रोग्राम दुसऱ्याला पाठवायचा तर तो लिंकच्या शेवटी, हॅशच्या खुणेनंतर बसतो, आणि तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. इथे माझं राज्यशास्त्र कामाला आलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण 'मूल' आहे, त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आमचं धोरण सोपं: माहिती घ्यायचीच नाही.

आणि घटनेचं एक कलम सांगून टाकते, कारण तुमच्यापैकी काही जण त्याचीच वाट बघत असतील. ३५०क. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं, आपली राज्यं नव्याने आखली गेली त्याच वर्षी. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची पुरेशी सोय राज्याने करावी, असं त्यात आहे. २०२० चं शिक्षण धोरणही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं, जमेल तिथे, आणि कोडिंग सहावीपासून आणतं. म्हणजे कागदावर मराठी जिथे सुटते तिथेच कोडिंग सुरू होतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आमचं साधन तिसरीपासून का आहे ते सांगतेय.

आता काम काय उरलंय. रावेर-मुक्ताईनगरकडचं कोणी असेल तर मला ते साठ निरोप तुमच्या बोलीत वाचून दाखवा, काही पुस्तकी झालेत. मुलताई-पांढुर्ण्याचं कोणी असेल तर तुमच्या गावांची दोन्ही रूपं हवीत. खकनारकडच्या दोन कोरकू बोलणाऱ्या मुली सध्या येतात, त्यांच्यासाठी पाचवी यादी सुरू केलीय. अकरा शब्द झालेत. 'पुन्हा' ला काय म्हणायचं यावर दोघींचं जमेना, दोघींची गावं वेगळी. एकीने सांगितलंय की आजीला विचारून येते, रविवारी कळेल.